नौकेवरचं पाणी, काठावरची तहान

नाइलच्या किंवा ऱ्हाइनच्या क्रूझचं बुकिंग झालं की निघण्याआधी टूर कंपनी सगळ्या प्रवाशांची एक बैठक घेते. व्हिसा, विमा, स्वेटर, शाकाहारी जेवण यावर बोलून झालं की मागच्या रांगेतून हमखास विचारणा होते, "तिथलं पाणी चालतं का हो?" उत्तर ठरलेलं असतं: बाटलीचंच प्या. विषय तिथे संपतो. विचारणा चुकीची नाही, पण अर्धी आहे. नदीवरच्या सहलीत पाण्यामुळे तब्येत बिघडते ती दोन तऱ्हांनी. कुणी नको ते पाणी पितो, आणि कुणी हवं तेवढं पितच नाही. पहिल्या भानगडीवर गेल्या दीडशे वर्षांत भरपूर काम झालंय. दुसरीकडे फारसं कुणी बघत नाही. या लेखात दोन्हींचा आढावा आहे, पण माझा कल दुसरीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो.

आधी पाणी नौकेवर येतं कुठून ते पाहू. समुद्रावरची मोठी जहाजं खाऱ्याचं गोडं पाणी स्वतःच बनवतात. पाण्याची वाफ करून ती थंड करतात किंवा आरओच्या पडद्यातून पाणी दाबतात. नदीवरच्या नौकेला या खटाटोपाची गरज नसते. ती जवळपास रोज एखाद्या गावाला लागते. युरोपात धक्क्यावरच्या नळाला नळी जोडायची आणि नगरपालिकेचं पाणी टाक्यांत भरून घ्यायचं, अशी सरळ पद्धत आहे.

हे भरणं बघण्यासारखं असतं, पण बघायला कुणी नसतं, कारण प्रवासी तेव्हा गावात चर्च बघत असतात. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवतात, तिच्या तोंडाला टोपण असतं, ती जमिनीवर लोळू द्यायची नसते आणि डेक धुवायला वापरायची नसते. जोडण्याआधी नळ थोडा वेळ मोकळा सोडून देतात, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जातं. मग काचेच्या छोट्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात एक गोळी टाकतात. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन शिल्लक आहे; रंग जितका गडद, तितकं क्लोरीन जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने जहाजांच्या स्वच्छतेबद्दल जी मार्गदर्शिका काढली आहे तिच्यात नळी, टोपण, टाकी, झडप या सगळ्यांचे नियम बारकाईने दिलेत. वाचायला रटाळ आहेत, पण एकेक नियम कुणाच्या तरी आजारपणातून आलेला आहे.

टाकीत आल्यावरही पाण्याला धोका असतो, तो साचण्याचा. हिवाळ्यात महिनोन्‌महिने नांगरून ठेवलेल्या नौकेच्या पाइपांत पाणी कोमट राहिलं की लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, तिच्या तपासातून तो पहिल्यांदा ओळखू आला. तो पोटातून सहसा बाधत नाही. शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून गरम पाणी चांगलं कडक आणि गार पाणी खरंच गार ठेवावं लागतं. केबिनमध्ये पहिल्यांदा गेल्यावर शॉवर सोडून दोन-चार मिनिटं बाहेर थांबावं. आपल्या हातात एवढंच आहे, आणि ते फुकट आहे.

नदीचं पाणी आणि माणसाचं पोट यांचा संबंध जगाला पटवून दिला तो एल्ब नदीने. १८९२ च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गमध्ये पटकीची साथ आली आणि आठ हजारांहून जास्त माणसं दगावली. हॅम्बुर्ग एल्बचं पाणी न गाळता नळाला सोडत होतं. लागूनच असलेलं अल्टोना गावही त्याच नदीचं पाणी पीत होतं, तेही हॅम्बुर्गची घाण वाहून येत होती त्या खालच्या अंगाचं. पण अल्टोनाकडे वाळूची गाळणी होती. साथ दोन गावांच्या सीमेवर येऊन जवळजवळ थबकली. एकाच रस्त्याच्या एका बाजूला रोगी, दुसऱ्या बाजूला नाहीत. रॉबर्ट कॉख यांनी हा पुरावा मांडल्यावर पाण्यातून रोग पसरतो की हवेतून, या वादात फारसा दम राहिला नाही.

आज ऱ्हाइन-डॅन्यूबच्या काठावर जे पाणी मिळतं त्यामागे हीच वाळू आहे. ड्युसेलडॉर्फमध्ये १८७० पासून नदीकाठी विहिरी खणून, वाळू-गोट्यांतून झिरपलेलं पाणी उपसतात. बुडापेस्टचं पाणीही डॅन्यूबमधल्या बेटांवरच्या अशाच विहिरींतून येतं. उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणून हंडा भरणाऱ्या आपल्या बायका जे करतात तेच, फक्त शहराच्या मापाने. व्हिएन्ना तर नदीच्या वाटेलाच जात नाही. १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी उताराने शहरात आणलं जातं. तिथे रस्त्यावरच्या नळाला बाटली लावून भरावी, बिनधास्त. १९८६ च्या नोव्हेंबरात बाझलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, ती विझवताना कीटकनाशकं ऱ्हाइनमध्ये वाहून गेली, नदी लाल झाली आणि खालच्या गावांनी पाण्याचा उपसा बंद केला. त्या धक्क्यानंतर काठावरचे देश नदीच्या बाबतीत जास्त जागरूक झाले.

म्हणजे युरोपात "पाणी चालतं का" याचं उत्तर सरळ "हो" आहे. आपल्या मंडळींची तिथली अडचण वेगळीच असते. जर्मनीत हॉटेलात पाणी मागितलं की विकतची बाटली येते, आणि ती बहुधा फसफसणारी. "हे सोड्यासारखं काय दिलंय?" म्हणत एक घोट घेऊन ग्लास बाजूला सारला जातो आणि जेवण कोरडंच होतं. साधं पाणी हवं असेल तर 'श्टिल' म्हणून मागावं. दुसरी अडचण गरम पाण्याची. सकाळी उठल्या उठल्या पेलाभर गरम पाणी लागतं अशी निम्मी मंडळी असतात आणि आगीच्या भीतीने बऱ्याच नौकांवर केबिनमध्ये किटली ठेवत नाहीत, आणलेली वापरूही देत नाहीत. लाउंजमधल्या कॉफीच्या यंत्राला बहुतेक ठिकाणी गरम पाण्याची तोटी असते. पहिल्याच संध्याकाळी ती शोधून ठेवावी.

नाइलचं गणित निराळं आहे. लक्सर ते अस्वान हे दोनशेहून थोडं जास्त किलोमीटर अंतर नौका तीन-चार रात्रींत कापते. वाटेत एस्नाचं लॉक, एडफू, कोम ओम्बो. इथे केबिनमधला नळ दात घासायलासुद्धा वापरू नये, बाटलीच घ्यावी, आणि घेताना झाकणाचं सील तुटलेलं नाही ना ते बघावं. बर्फ कुठल्या पाण्याचा ते विचारावं. नळाच्या पाण्यावर प्रक्रिया होत नाही असं नाही, पण तिथल्या पोटांना जे सवयीचं आहे ते चार दिवसांच्या पाहुण्याच्या पोटाला नसतं. शिवाय हात. नोरोव्हायरस पाण्याइतकाच बुफेच्या चिमट्यावरून पसरतो आणि सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. साबणाने हात धुवावेत.

पूर्वी याच नदीचं गढूळ पाणी लोक रोज पीत. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासवर्णनांत त्याची रीत सापडते: 'झीर' नावाच्या मोठ्या सच्छिद्र माठाच्या आतल्या बाजूला वाटलेले बदाम घासायचे, वर नाइलचं पाणी ओतायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. आपल्याकडे निवळीचं बी उगाळून हेच करत. सुश्रुतसंहितेत त्याचा उल्लेख आहे. माठातून पाझरणारं पाणी गारही व्हायचं. १९७० मध्ये अस्वानचं उंच धरण पुरं झालं, गाळ नासर सरोवरात अडकला आणि पाणी नितळ दिसू लागलं. नितळ दिसणं म्हणजे पिण्याजोगं असणं नव्हे, हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. एक इशारा पोहणाऱ्यांसाठी: नाइलच्या संथ पाण्यात बिल्हार्झियाचा कृमी असू शकतो. थिओडोर बिल्हार्झ यांनी तो १८५१ साली कैरोत शोधला. त्यासाठी पाणी प्यावं लागत नाही. तो कातडीतून शिरतो.

पण नाइलवर खरी परीक्षा हवेची असते. अस्वान जगातल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. दिवाळीच्या सुट्टीत आपण जातो तेव्हाही दुपारी चांगलं कडक ऊन असतं. मुंबईत घाम अंगावरून ओघळतो, म्हणून तहान आठवते. अस्वानला तो निघता निघता वाळतो. शर्ट कोरडा, नदीवरून वारा येतोय, त्यामुळे अंगातून काही गेलंय असं वाटतच नाही. राजांच्या दरीतल्या थडग्यांत उतरून-चढून आलं, की डोकं धरतं आणि मंडळी त्याला "ऊन लागलं" म्हणतात. अबू सिंबेलची फेरी आणखी कठीण: पहाटे चारच्या आसपास निघायचं, वाळवंटातून तीन-साडेतीन तास बस, तिथे दोन तास, पुन्हा तेवढीच बस. त्या दिवशी सकाळी कुणीच पाणी पीत नाही. का, ते पुढे येईल.

काठावरून परतल्यावर नौकेच्या दारात थंड कर्कडे देतात. ती लाल अंबाडीच्या फुलांच्या बोंडांची असते. आपण जिची भाजी खातो तिच्याच कुळातली. छान लागते. साखर असते, हे मधुमेह्यांनी लक्षात ठेवावं.

गंगेवर पाण्याचा प्रश्न श्रद्धेतून येतो, त्यामुळे तिथे जरा जपून बोलावं लागतं. अकबर बादशहा गंगेचंच पाणी प्यायचा, त्यासाठी घाटांवर माणसं नेमलेली होती आणि सीलबंद घडे त्याच्याकडे जात, असं ऐन-ए-अकबरीत आहे. वरसईच्या गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये काशीहून गंगेची कावड खांद्यावरून घरी आणल्याची हकिगत सांगितली आहे. सगळ्यात थाटाची गोष्ट जयपूरच्या दुसऱ्या माधोसिंगांची. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला जायचं, पण परदेशचं पाणी प्यायचं नाही. म्हणून चांदीचे प्रचंड रांजण गंगाजलाने भरून मुंबईहून आगबोटीने नेले. एकेकाचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास आणि पोटात चार हजार लिटर पाणी. त्यातले दोन आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये उभे आहेत. पिण्याच्या पाण्याची इतकी काळजी घेणारा प्रवासी पुन्हा झाला नाही.

या श्रद्धेला विज्ञानाचा थोडा आधारही मिळाला. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढे जिवाणूंना खाणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफेज, सापडल्यावर त्याचा उलगडा झाला असं मानलं गेलं. पण फेज ठरावीक जिवाणूलाच खातो. शहरांच्या सांडपाण्यातले बाकीचे जंतू आणि कारखान्यांची रसायनं यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रक्रियेशिवाय, फक्त निर्जंतुक करून पिण्यासाठी शंभर मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म ५० च्या आत हवेत असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वर्गीकरण सांगतं. मैदानी प्रदेशातल्या मोठ्या शहरांखालची गंगा त्यात बसत नाही. १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून दिब्रुगढला निघालेल्या 'गंगा विलास'चा प्रवास ५१ दिवसांचा आणि सुमारे ३,२०० किलोमीटरचा होता. तिच्यावर नदीचं पाणी शुद्ध करणारी यंत्रणा होती. गंगाजल तीर्थ म्हणून पळीभर घेणं आणि तहान भागवायला तांब्याभर पिणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

या मार्गावर आणखी एक छुपी गोष्ट आहे. बिहार, पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात उथळ हातपंपांच्या पाण्यात कित्येक ठिकाणी आर्सेनिक आहे. पाणी थंड, स्वच्छ, चवीला छान. आणि उकळून आर्सेनिक जात नाही. एखाद्या दिवसाने काही होत नाही, पण "विहिरीचं म्हणजे शुद्ध" हा आपला हिशेब तिथे लागू पडत नाही.

केरळच्या हाउसबोटीबद्दल थोडक्यात. कुट्टनाड समुद्रसपाटीखाली आहे, चोहीकडे पाणी आणि उन्हाळ्यात ते खारट. नौकेवर पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागतं. जेवणाबरोबर फिकट गुलाबी कोमट पाणी आलं तर घाबरू नये. ते पतिमुखमच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं असतं, आणि उकळलेलं आहे याचीच ती खूण. मेकाँगवर व्हिएतनाम-कंबोडियात बाटली आणि कारखान्यातला नळकांडीसारखा पोकळ बर्फ चालतो, फोडलेल्या लादीचा टाळावा. पणजीच्या मांडवीवरच्या तासाभराच्या फेरीला यातल्या कशाचीच गरज नाही.

आता दुसरी भानगड. किती प्यायचं? "दिवसाला आठ ग्लास" हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. हाइन्झ वाल्टिन यांनी २००२ साली त्याचा माग काढला तेव्हा त्यामागे ठोस पुरावा सापडला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये बायकांना दोन आणि पुरुषांना अडीच लिटर असं सांगितलं, पण त्यात जेवणातलं पाणीही धरलेलं आहे आणि हवा सौम्य धरलेली आहे. अस्वानच्या दुपारी हे आकडे पुरत नाहीत. चहा-कॉफीने पाणी 'बाहेर पडतं' हीही अतिशयोक्ती. २०१६ च्या एका ब्रिटिश प्रयोगात चहा, कॉफी आणि अगदी लागर बिअरसुद्धा बेताने घेतल्यावर पाण्याइतकीच अंगात राहिली, आणि दूध व ओआरएस पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकले. बिअरचं वाचून कुणी खूश झालं असेल तर 'बेताने' हा शब्द पुन्हा वाचावा.

"तहान लागली की प्यावं" हा सल्ला तरुणांना ठीक आहे. नदीच्या क्रूझवर तरुण किती असतात? १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये धडधाकट वृद्ध आणि तरुण पुरुषांना चोवीस तास पाण्याविना ठेवून पाहिलं. वृद्धांच्या रक्ताने पाणी कमी पडल्याचं स्पष्ट दाखवलं, पण त्यांना तहान तितकी जाणवली नाही, आणि पाणी समोर ठेवल्यावरही ते कमीच प्याले. वय वाढलं की मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकदही उतरते. वर रक्तदाबाच्या गोळ्यांत बऱ्याचदा लघवी वाढवणारं औषध असतं, मधुमेहाची काही नवी औषधं साखरेबरोबर पाणीही बाहेर काढतात. एकनाथांना वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं आणि त्यांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. बसमध्ये शेजारी बसलेल्या सासूबाईंची तहान अशी दिसत नाही. त्या फक्त गप्प होतात, चिडचिड करतात, उठताना तोल जातो. हे म्हातारपण नव्हे, बऱ्याचदा पाणी कमी पडल्याची खूण असते.

आणि तरीही त्या पीत नाहीत, कारण त्यांनी ठरवलेलं असतं. पहाटे चारला बस निघणार, वाटेत सोय आहे की नाही ठाऊक नाही, असली तर कशी असेल ठाऊक नाही, आणि सगळ्यांसमोर "जरा थांबवा हो" म्हणायचं नाही. म्हणून आदल्या रात्रीपासूनच पाणी बंद. प्रोस्टेटचा त्रास असलेले काकाही हेच करतात आणि वर सकाळची लघवीची गोळीच टाळतात. पाणी सुरक्षित आहे, बाटली हातात आहे, पैसे भरलेले आहेत. अडलंय ते फक्त स्वच्छतागृहासाठी. २०१८ आणि २०२२ सारख्या कोरड्या उन्हाळ्यात ऱ्हाइनचं पाणी आटलं आणि काही क्रूझना नौका सोडून प्रवाशांना बसने पुढे न्यावं लागलं. तेव्हा तर ही अडचण दिवसभराची झाली.

यावर उपाय अवघड नाही, वेळेचा आहे. निघण्याआधी दीड-दोन तास उठून दोन पेले पाणी घ्यावं. जास्तीचं बरंचसं नौकेवरच्याच बाथरूममध्ये मोकळं होतं. काठावर घोट घोट घ्यावं, एकदम बाटली तोंडाला लावू नये. परत आल्यावर पोटभर प्यावं आणि रात्री झोपण्याआधी दोन तास हात आखडता घ्यावा. युरोपात सुट्टी नाणी पर्समध्ये वेगळी ठेवावीत, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहांत बहुधा पैसे पडतात. इजिप्तमध्ये तिथल्या सुट्ट्या नोटा आणि स्वतःचा कागद. आजोबांचा फिरकीचा तांब्या आता कुणी नेत नाही, पण त्याच मापाची स्टीलची बाटली प्रत्येकाची वेगळी हवी. दोघांत एक असली की कोण किती प्यायलं ते कळत नाही.

बॅगेत ओआरएसच्या चार पुड्या असाव्यात. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे रोगी वाचवले, त्याचीच ही पुडी. मात्र आकर्षक खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' लिहायला मनाई केली. पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी, अर्ध्या पेल्यात नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाब लागले, उन्हात फार फिरणं झालं, तर हे. रोज हौसेने नको. आणि भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट. रक्तातलं सोडियम उतरतं, विशेषतः लघवीची औषधं घेणाऱ्या वृद्ध बायकांत. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी वरचा कुठलाच आकडा धरू नये, निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून त्या हवेपुरता नवा आकडा घ्यावा.

टूर कंपन्यांना एकच विनंती. रोजच्या छापील कार्यक्रमात देवळं, थडगी, जेवणाच्या वेळा सगळं असतं. तिथेच बस कुठे कुठे थांबेल आणि कुठल्या थांब्यावर वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे तेही लिहा. एका ओळीचं काम आहे. ती ओळ वाचली की मागच्या रांगेतल्या कित्येक बायका न सांगता बाटली उघडतील.